फ्रायबर्गच्या खाणीतले २८ मिलिमीटर

जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये फ्रायबर्ग हे जुनं खाणींचं गाव आहे. बाराव्या शतकापासून तिथे चांदी निघत आली आणि १७६५ साली तिथेच खाणशास्त्राची अकादमी सुरू झाली. याच अकादमीत शिकवणाऱ्या फर्डिनांड राइश यांनी १८३१ साली गावाजवळच्या एका उभ्या शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या विहिरीसारख्या भोकात, गोळ्या सोडून पाहिल्या. शाफ्टचं नाव ‘ड्राय ब्रूडर’, म्हणजे ‘तीन भाऊ’. गोळी सोडायची जागा आणि तळ यांत १५८.५ मीटरचं अंतर होतं. राइश यांनी १०६ वेळा गोळी सोडली. वरून सोडलेल्या ओळंब्याचं टोक तळाशी जिथे येत होतं, तिथे गोळ्या पडत नव्हत्या. सरासरीने त्या २८ मिलिमीटरच्या किंचित पलीकडे, पूर्वेला पडत होत्या. गणिताने येणारा आकडा होता साडेसत्तावीस.

घटना एवढीच आहे. पण फिरत्या चौकटीत, म्हणजे फिरणाऱ्या पृथ्वीवरच उभं राहून पाहताना, वस्तू हलू लागली की कोणती आभासी बलं (पाहणारा स्वतः फिरत असल्यामुळेच मानावी लागणारी बलं) लागू होतात, त्यातलं कोणतं दिसतं आणि कोणतं लपून राहतं, हे समजून घ्यायला याहून नेमकं प्रकरण मला माहीत नाही. पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फुकोचा लंबक जास्त प्रसिद्ध आहे आणि दिसायलाही देखणा आहे. तरी लंबकात दोरीचा ताण आणि आंदोलनं मध्ये येतात. इथे गोळी सुटते आणि पडते, मध्ये काहीच नाही.

प्रश्न जुना होता

पृथ्वी फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड पडेपर्यंत मनोरा पूर्वेला सरकेल आणि दगड मागे, पश्चिमेला पडेल. तसं दिसत नाही, म्हणजे पृथ्वी स्थिर आहे. पृथ्वीच्या फिरण्याविरुद्धचा हा फार जुना युक्तिवाद. जडत्वाची कल्पना रुजल्यावर त्यातली चूक कळली: सुटताना दगडाला मनोऱ्याचाच वेग असतो, त्यामुळे तो मागे पडत नाही. १६७९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूटनने रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात एक पाऊल पुढे टाकलं. मनोऱ्याचं टोक पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा दूर असतं, म्हणून टोकाचा पूर्वेकडचा वेग पायथ्यापेक्षा थोडा जास्त. टोकावरून सुटलेली वस्तू तो जादा वेग घेऊनच येते. तेव्हा ती मागे तर पडणार नाहीच, उलट पुढे, पूर्वेला पडेल. आणि तसं खरंच दिसलं तर पृथ्वी फिरते याचा तो पुरावा ठरेल.

हूकने उत्तरात दुरुस्ती सुचवली: लंडनमध्ये ती नुसती पूर्वेला नाही, तर आग्नेयेला पडेल, आणि दक्षिणेकडचा भाग जास्त असेल. ही दुरुस्ती लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

प्रयोग मात्र शंभर वर्षं कुणाला नीट जमला नाही. बोलोन्याच्या गुलिएल्मिनी यांनी १७९० नंतरच्या एक-दोन वर्षांत तिथल्या आसिनेल्ली मनोऱ्यात सुमारे ७८ मीटरवरून गोळ्या सोडल्या. त्या पूर्वेला जवळपास १९ मिलिमीटर आणि दक्षिणेला १२ मिलिमीटर सरकल्या. गणिताने पूर्वेला ११ मिलिमीटर यायला हवेत आणि दक्षिणेला जवळजवळ काहीच नाही. घोटाळा ओळंब्यात होता. गोळ्या सोडल्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी उभी रेषा निश्चित केली, आणि विटांचा उंच मनोरा ऋतूनुसार थोडा झुकतो. ज्या रेषेपासून मोजायचं तीच हलली. १८०२ मध्ये बेन्झेनबर्ग यांनी हॅम्बुर्गच्या सेंट मायकेल चर्चमध्ये ७६ मीटरवरून प्रयोग केला आणि त्यांना पूर्वेला ९ मिलिमीटर मिळाले. हा आकडा गणिताच्या अगदी जवळचा, पण दक्षिणेला तीनेक मिलिमीटर त्यांनाही दिसले. त्यांच्या निमित्ताने गणितज्ञ गाउसने या घटनेचं गणित मांडलं आणि त्याच सुमारास लाप्लासनेही. दोघांचं उत्तर एकच: पूर्वेला ठरावीक अंतर, दक्षिणेला नगण्य. १८०४ मध्ये बेन्झेनबर्ग चर्च सोडून कोळशाच्या खाणीत उतरले. राइश यांचा मार्ग तिथून सुरू होतो.

खाण का, याचं एक कारण उघड आहे: तिथे वाऱ्याचा झोत नाही, उन्हाने तापून वाकणारी भिंत नाही. दुसरं कारण गणितात आहे. सरकण्याचं अंतर खोलीच्या दीडाव्या घाताने वाढतं. खोली दुप्पट केली तर सरकणं दुप्पट होत नाही, २.८ पट होतं. बेन्झेनबर्ग यांच्या ७६ मीटरवरून राइश यांच्या १५८.५ मीटरवर गेलं की ९ चे २७ होतात. मोजणाऱ्याच्या हातात असलेली ही सगळ्यांत मोठी सवलत आहे, आणि खाणींच्या गावातल्या प्राध्यापकाला ती दाराशी मिळाली होती.

राइश यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पीळ-तुला (तारेच्या पिळावरून अतिक्षीण बल मोजणारं उपकरण) वापरून पृथ्वीची घनता त्यांनी मोजली. पुढे १८६३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी रिश्टर यांनी इंडियम हे मूलद्रव्य शोधलं. राइश रंगांध होते, म्हणून वर्णपटातली निळी-जांभळी रेषा पाहण्याचं काम त्यांनी रिश्टर यांच्यावर सोपवलं. आपल्या मोजमापात नेमकी कुठे खोट आहे हे ओळखून तिची तजवीज करणारा माणूस होता हा. गोळ्यांच्या प्रयोगाला असाच माणूस हवा होता.

ओळंबा काय सांगतो

आता फिरत्या पृथ्वीच्या चौकटीत उभं राहू. इथे दोन आभासी बलं येतात. अपकेंद्री बल प्रत्येक वस्तूवर असतं, ती थांबलेली असो वा हलती, आणि ते अक्षापासून बाहेरच्या दिशेने असतं. कोरिऑलिस बल फक्त हलत्या वस्तूवर असतं आणि ते तिच्या वेगाला व पृथ्वीच्या अक्षाला, दोघांनाही काटकोनात असतं.

फ्रायबर्ग ५१ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा अलीकडे आहे. तिथे अपकेंद्री बलाचा एक भाग दक्षिणेकडे ओढतो. त्याची गुरुत्वाशी तुलना केली तर केवळ त्या बलामुळे दिशा साधारण ०.१ अंशाने दक्षिणेकडे कलते. ०.१ अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण १५८.५ मीटर खोलीवर त्याचे २७ सेंटिमीटर होतात. राइश यांनी जे अंतर मोजलं, त्याच्या जवळजवळ दहापट!

मग हे २७ सेंटिमीटर तळाशी का दिसले नाहीत? कारण ओळंबाही तितकाच कलला होता. टांगलेल्या वजनावरही तेच अपकेंद्री बल लागू असतं. आपण ज्याला ‘सरळ खाली’ म्हणतो, त्या दिशेत गुरुत्वाकर्षण आणि अपकेंद्री बल आधीच मिसळलेलं असतं. म्हणून सुटलेली गोळी आणि टांगलेला ओळंबा यांची तुलना केली की दोघांवर सारखं असलेलं अपकेंद्री बल वजा होऊन जातं. उरतो तो फक्त हलण्यामुळे आलेला फरक. राइश यांच्या प्रयोगाची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही आहे: एक वजन थांबलेलं, दुसरं पडणारं, आणि दोघांच्या तळाच्या जागांमधलं अंतर म्हणजे कोरिऑलिसचा परिणाम, स्वच्छ वेगळा काढलेला.

हूकची दुरुस्तीही इथेच समजते. पृथ्वीच्या केंद्राकडे जाणाऱ्या रेषेपासून मोजलं तर गोळी खरोखरच दक्षिणेकडे जास्त सरकते. बाहेरून पाहिलं तर ती केंद्रातून जाणाऱ्या प्रतलात पडते आणि अक्षांशाचं वर्तुळ तेवढ्यात उत्तरेकडे वळलेलं असतं. त्याची भूमिती बरोबर होती. पण केंद्राकडची रेषा कुणाला आखता येत नाही. प्रत्यक्षात मोजायला हाती असतो तो ओळंबा, आणि त्याच्यापासून मोजलं की दक्षिणेचं सगळं सरकणं जवळपास पुसलं जातं.

आतलं गणित

गोळी सुटते तेव्हा वेग शून्य, म्हणून कोरिऑलिस बलही शून्य. जसजसा खाली जाण्याचा वेग वाढतो तसतसं पूर्वेकडचं बल वाढतं. हे त्वरण म्हणजे दोन गुणिले पृथ्वीचा कोनीय वेग, गुणिले पडण्याचा वेग, गुणिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन). पृथ्वीचा कोनीय वेग सेकंदाला ०.००००७२९ रेडियन. फ्रायबर्गच्या अक्षांशाची कोज्या ०.६३.

हवेचा अडथळा सोडला तर १५८.५ मीटर पडायला ५.६८ सेकंद लागतात आणि तळाशी वेग सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटर होतो. त्या क्षणीसुद्धा पूर्वेकडचं त्वरण गुरुत्वाच्या एकोणीसशेव्या भागाएवढंच असतं. इतकं क्षीण बल पावणेसहा सेकंदांत काय करणार?

दोनदा संकलन (इंटिग्रेशन) केलं की सूत्र मिळतं: सरकण्याचं अंतर म्हणजे एक तृतीयांश गुणिले कोनीय वेग, गुणिले गुरुत्व त्वरण, गुणिले काळाचा घन, गुणिले अक्षांशाची कोज्या. त्यातला काळाचा घन सगळी गंमत करतो. पहिल्या सेकंदाअखेर गोळी पूर्वेला ०.१५ मिलिमीटर सरकलेली असते, म्हणजे जाड कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. दोन सेकंदांनंतर १.२ मिलिमीटर, तीननंतर ४, चारनंतर साडेनऊ, पाचनंतर जवळपास १९. शेवटच्या पाऊण सेकंदाहूनही कमी वेळात आणखी ९ मिलिमीटरची भर पडते आणि तळाशी २७.६ होतात. अंगठ्याच्या पेराएवढं अंतर. तळाला टेकताना गोळीचा पूर्वेकडचा वेग सेकंदाला साधारण दीड सेंटिमीटर असतो.

बाहेरून पाहिलं तर

आभासी बलांवर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी बाहेरून, न फिरणाऱ्या चौकटीतून तेच गणित करून पाहावं. मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून करायला सांगतो, कारण पहिल्या फटक्यात बहुतेकांचं उत्तर वेगळं येतं.

बाहेरून कोरिऑलिस नाही, अपकेंद्री नाही, फक्त गुरुत्वाकर्षण आहे. न्यूटनचा युक्तिवाद लावू. शाफ्टचं तोंड तळापेक्षा १५८.५ मीटर वर आहे, त्यामुळे त्याचा पूर्वेकडचा वेग तळापेक्षा सेकंदाला ७.३ मिलिमीटरने जास्त. गोळी हा जादा वेग घेऊन सुटते. तो ५.६८ सेकंद टिकतो. ७.३ गुणिले ५.६८ म्हणजे ४१.४ मिलिमीटर.

पण आतलं गणित २७.६ म्हणतं. आणि खाण २८ म्हणते. ४१ बरोबर असतं तर राइश यांच्या १०६ गोळ्यांची सरासरी तिथे गेली असती. दोन चौकटींतून पाहिलेली घटना एकच आहे, गोळी एकाच जागी पडते, तेव्हा बाहेरच्या गणितात काहीतरी राहून गेलं आहे.

राहून गेली ती गुरुत्वाची दिशा. गोळी हवेत असताना बाहेरून पाहणाऱ्याला शाफ्ट आणि गोळी दोन्ही पूर्वेला धावताना दिसतात, फ्रायबर्गच्या अक्षांशावर सेकंदाला जवळजवळ २९० मीटर. ५.६८ सेकंदांत गोळी दीड किलोमीटरहून जास्त पूर्वेला गेलेली असते. पृथ्वीचं केंद्र मात्र जागचं हललेलं नाही. म्हणून गोळीवरची ओढ सुरुवातीच्या ‘खाली’ दिशेत राहत नाही. ती हळूहळू मागे, पश्चिमेकडे कलत जाते. पडून होईपर्यंत हा कल अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढासुद्धा होत नाही. पण गुरुत्व मोठं आहे, त्याचा इतका लहानसा तुकडाही पुरेसा ठरतो. त्या मागच्या ओढीने गोळी १३.८ मिलिमीटर मागे येते. ४१.४ मधून १३.८ गेले, राहिले २७.६. आतल्या उत्तराशी दशांशापर्यंत जुळणारं.

हा एक तृतीयांशाचा फरक किरकोळ नाही. वरच्या टोकाचा वेग जास्त, म्हणून गोळी पुढे जाते, हे स्पष्टीकरण लोकप्रिय लेखनात सर्रास तेवढ्यावरच सोडलेलं असतं. दिशा बरोबर सांगितली म्हणून आकडाही बरोबर येईलच असं नाही. त्यात सत्याचा मोठा भाग आहे, पण आकडा दीडपट चुकतो, आणि राइश यांची खाण ती चूक पकडण्याइतकी खोल होती.

कोरिऑलिसच्या सूत्रात तो ‘दोन’ कुठून येतो, हा प्रश्नही इथेच सुटतो. गुरुत्वाची ओढ केंद्राकडे आहे, तिच्याने गोळीचा पृथ्वीच्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग (वस्तुमान, अक्षापासूनचं अंतर आणि अक्षाभोवतीचा वेग यांचा गुणाकार) बदलत नाही. गोळी खाली येते तशी अक्षाच्या जवळ येते, म्हणून तिचा अक्षाभोवतीचा वेग वाढतो, तळाशी सेकंदाला ७.३ मिलिमीटरने. दुसरीकडे तळाचा स्वतःचा वेग तोंडापेक्षा तेवढ्याच ७.३ ने कमी आहे. दोन्ही मिळून १४.६. म्हणजे मघाचाच सेकंदाला दीड सेंटिमीटर. एक वाटा गोळीचा वेग वाढल्याचा, दुसरा वाटा खालची जमीन मुळात हळू असल्याचा. फिरत्या चौकटीतला माणूस हे दोन्ही वाटे एकाच बलाच्या नावावर टाकतो.

चार मिलिमीटर दक्षिणेला

राइश यांच्या सरासरीत पूर्वेच्या २८ मिलिमीटरबरोबर दक्षिणेलाही चारेक मिलिमीटर होते. बोलोन्या, हॅम्बुर्ग आणि आता फ्रायबर्ग. दक्षिणेचं सरकणं पुन्हा पुन्हा दिसत होतं, आणि त्यामुळे एकोणिसाव्या शतकात त्यावर बराच ऊहापोह झाला.

गणिताने दक्षिणेला काहीच येत नाही असं नाही. गोळी पूर्वेकडे सरकू लागली की त्या पूर्वेकडच्या वेगावरही कोरिऑलिस बल लागतं आणि त्याचा एक भाग दक्षिणेकडे असतो. शिवाय खोलीनुसार अपकेंद्री बल आणि गुरुत्व किंचित बदलतं. पण हे सगळं जमेला धरलं तरी या खोलीवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आतच राहतं. चार मिलिमीटर त्याच्या निदान ऐंशी पट आहेत.

माझ्या मते हे चार मिलिमीटर या प्रयोगातली मोलाची नोंद आहे. जिथे उत्तर शून्य यायला हवं तिथे किती आलं, यावरून मोजमापात किती गाळ आहे ते समजतं. गोळी सोडताना तिला बाजूला सेकंदाला एक मिलिमीटर, फक्त एक, एवढा जरी धक्का बसला तरी तळाशी ती ५.७ मिलिमीटर दूर पडते. गोळी पूर्ण गोल नसेल, सुटताना स्वतःभोवती फिरत असेल, शाफ्टमध्ये हवा एका बाजूने वर चढत असेल, तर आणखी भर. यातले जे धक्के दिशा बदलत राहतात ते सरासरीत विरतात: शंभर गोळ्या टाकल्या की त्यांचा परिणाम साधारण दहाव्या भागावर येतो. समजा एकेक गोळी चार सेंटिमीटर इकडेतिकडे पडत असेल, तर १०६ गोळ्यांच्या सरासरीतही चार मिलिमीटरची अनिश्चितता उरणारच. जे धक्के दर वेळी एकाच बाजूने बसतात, ते मात्र हजार गोळ्या टाकूनही जात नाहीत.

तेव्हा राइश यांच्या आकड्यांचा अर्थ असा लावावा: या मोजमापात तीन-चार मिलिमीटरची चूक सहज शिरू शकते, हे दक्षिणेचा आकडा सांगतो. पूर्वेचे २८ तिच्या सातपट आहेत. त्यांना चूक म्हणून उडवून लावता येत नाही. मात्र २८.३ आणि २७.५ यांतला एक मिलिमीटरहून कमी फरक पाहून प्रयोगाची अचूकता तीन टक्क्यांची होती असं म्हणणं वाजवी नाही. इतकं जुळणं थोडंफार नशिबाचं आहे. ४१ आणि २७.६ यांत निवाडा करण्याएवढी ताकद मात्र त्यात नक्की होती.

१९०२ मध्ये हार्वर्डला एडविन हॉल यांनी, ‘हॉल परिणाम’ ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे हॉल, अवघ्या २३ मीटरवरून ९४८ वेळा गोळी सोडली. पूर्वेला दीड मिलिमीटर आले, गणिताने १.८ यायला हवे होते. दक्षिणेला मिलिमीटरचा विसावा भाग. उंची कमी ठेवून मोजमाप फार काटेकोर केलं तेव्हा दक्षिणेचं भूत जवळपास उतरलं.

उजवीकडे की पूर्वेला

आपल्याकडे भूगोलात कोरिऑलिस शिकवतात तो फेरेलच्या नियमातून: उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात, दक्षिण गोलार्धात डावीकडे, विषुववृत्तावर परिणाम शून्य. वाऱ्यांपुरतं ते बरोबर आहे. पण सरळ खाली पडणाऱ्या गोळीचा उजवा हात कोणता? नियम इथे गप्प होतो. तो फक्त आडव्या हालचालीसाठी, त्यातही जमिनीला समांतर असलेल्या बलापुरता आहे. तिथे अक्षांशाची ‘ज्या’ (साइन) लागते. ती विषुववृत्तावर शून्य असते आणि गोलार्ध बदलला की चिन्ह बदलते. उभ्या हालचालीसाठी कोज्या लागते. ती विषुववृत्तावर सर्वांत जास्त असते आणि दोन्ही गोलार्धांत धनच राहते. राइश यांची गोळी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही पूर्वेलाच सरकली असती.

महाराष्ट्राला म्हणूनच हा प्रयोग जर्मनीपेक्षा सोयीचा आहे. मुंबईच्या १९ अंशांवर कोज्या ०.९४५, फ्रायबर्गच्या दीडपट. तेवढ्याच खोलीवर इथे ४१ मिलिमीटर मिळतील. (सुटसुटीत चुकीच्या गणिताने फ्रायबर्गला आलेला आकडाही ४१ च होता, तो निव्वळ योगायोग.) फुकोच्या लंबकाचं नेमकं उलट आहे. तो ज्येवर चालतो, ध्रुवाजवळ उत्तम. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये १८५१ साली ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून फुकोने जो लंबक दाखवला, त्याचं प्रतल तिथे साधारण ३२ तासांत एक फेरी पुरी करतं. मुंबईत त्याच फेरीला ७३ तासांहून जास्त लागतील.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: गोळी खालून वर फेकली तर? ती १५८.५ मीटर उंच जाऊन परत तळाशी येईल अशी फेकली, तर ती पूर्वेला नाही, पश्चिमेला पडेल, आणि २७.६ च्या चौपट, म्हणजे ११० मिलिमीटर. चढताना वेग वर आहे म्हणून बल पश्चिमेकडे. माथ्यावर पोचेपर्यंत पश्चिमेकडचा वेग साठत जातो आणि तिथे सर्वांत जास्त असतो. उतरताना बल पूर्वेकडे होतं, पण त्याचा सगळा जोर तो साठलेला वेग कमी करण्यातच खर्च होतो. गोळी तळाला टेकते त्या क्षणी तो कसाबसा शून्यावर येतो. म्हणजे जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ती पश्चिमेलाच सरकत राहिलेली असते. पूर्वेकडचं बल लागत असताना वस्तू पश्चिमेला जात राहते, हे पचायला वेळ लागतो, पण बल वेग बदलतं, वेगाची दिशा ठरवत नाही, हे न्यूटनचं पहिलंच शिकवणं आहे.

राइश गोळ्या सोडत होते तेव्हा या बलाला कोरिऑलिसचं नाव नव्हतं. गास्पार-गुस्ताव कोरिऑलिस यांचा फिरत्या यंत्रांतल्या सापेक्ष गतीवरचा प्रसिद्ध शोधनिबंध १८३५ चा, आणि त्यांचं लक्ष पृथ्वीकडे नव्हतं. ते पाणचक्क्यांसारख्या फिरत्या यंत्रांतलं कार्य आणि ऊर्जा यांचा हिशेब लावत होते. लाप्लासने भरती-ओहोटीच्या समीकरणांत हेच पद अठराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. विसाव्या शतकात त्याच ‘तीन भाऊ’ शाफ्टच्या पोटात जलविद्युत केंद्र बसवलं गेलं आणि ते काही दशकं चाललं.

हा प्रयोग आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयाला करायचा असेल, तर दहा मजली इमारतीच्या लिफ्टच्या मोकळ्या, बंद शाफ्टमध्ये साधारण ३० मीटर मिळतील. पडायला अडीच सेकंद, सरकणं ३.४ मिलिमीटर. सोडताना बाजूला सेकंदाला एक मिलिमीटरचा धक्का म्हणजे तळाशी अडीच मिलिमीटर. उत्तराच्या जवळपास तेवढीच चूक. म्हणून सगळी मेहनत सोडण्याच्या यंत्रणेवर करावी लागेल, आणि गोळी टांगल्यावर तिचं डोलणं पूर्ण थांबेपर्यंत धीर धरावा लागेल. ओळंबा त्याच दिवशी, त्याच शाफ्टमध्ये, गोळ्यांच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा सोडून पाहावा. गोळ्या एकेक करून दीड सेंटिमीटर इकडेतिकडे पडत असतील, तर सरासरी एका मिलिमीटरपर्यंत विश्वासाची व्हायला सव्वादोनशे वेळा गोळी सोडावी लागेल. आणि प्रत्येक गोळीचं पूर्व-पश्चिम अंतर लिहिताना उत्तर-दक्षिण अंतरही लिहायचंच: त्या रकान्याची सरासरी शून्याच्या जवळ येत नाही तोवर पूर्वेच्या रकान्यावर भरवसा ठेवता येणार नाही.